परतीची वाट मोकळी असताना

१. काटा नेमका कधी येतो?

प्राचीन काळावरचा साहसपट बघून आलेल्या माणसाकडे दोन प्रश्न असतात. पहिला तो लगेच विचारतो: हे खरंच असं घडलं होतं का? दुसरा विचारायला तो जरा लाजतो. पुढे काय होणार हे ठाऊक होतं, तलवारी बोथट आणि भिंती प्लास्टरच्या आहेत हेही कळत होतं, मग त्या एका जागी अंगावर काटा का आला?

पहिल्या प्रश्नाला फार कष्ट पडत नाहीत. इतिहासाचं पुस्तक उघडायचं, बहुतेक वेळा उत्तर 'असं नाही, जरा वेगळं' असं निघतं. दुसऱ्यासाठी मात्र चित्रपटच उसवून बघावा लागतो. हे प्रकरण त्या दुसऱ्या प्रश्नासाठी आहे. पहिला वाटेत अधूनमधून भेटेलच, कारण चित्रपटाने जुन्या कथेत कुठे हात घातला हे पाहिलं की काटा आणणारी जागा चटकन सापडते.

२. ताकद आणि पराक्रम

मूकपटांच्या काळात बऱ्याच निर्मात्यांचा समज साधा होता: नायक म्हणजे ताकद. १९१४ साली इटलीत जोव्हान्नी पास्त्रोने यांनी 'काबिरिया' काढला. रोम आणि कार्थेज यांच्या दुसऱ्या युद्धाचा काळ. मोलोक देवाच्या धगधगत्या मूर्तीत एका मुलीचा बळी दिला जाणार असतो आणि माचिस्ते नावाचा धिप्पाड गुलाम तिच्या सुटकेला धावून जातो. हा माचिस्ते झालेला बार्तोलोमेओ पगानो मुळात नट नव्हताच. जेनोआच्या गोदीतला तो कामगार. लोकांना तो इतका आवडला की पुढे त्याच्याच नावाने स्वतंत्र चित्रपट निघत राहिले आणि कार्थेजच्या युद्धातला हा गुलाम बघता बघता विसाव्या शतकात कोट-पाटलोण घालून वावरू लागला. मूकपट संपल्यावरही हा समज गेला नाही: १९५८ च्या 'हर्क्युलिस'मध्ये स्टीव्ह रीव्ह्ज हा शरीरसौष्ठवपटू खांबांना साखळ्या घालून ओढतो आणि इमारतीचा दर्शनी भाग खाली आणतो.

हे बघताना आपण 'वा!' म्हणतो. काटा येत नाही. हर्क्युलिस पडला देवाचा मुलगा, त्याने ओढल्यावर खांब पडणारच. न पडता तर नवल.

यातली मेख दादासाहेब फाळक्यांच्या लवकर लक्षात आली असावी. १९१९ च्या 'कालियामर्दन'मध्ये त्यांनी कृष्णाचं काम आपल्या मुलीला, मंदाकिनीला दिलं. आणि चित्रपटाच्या आरंभीच तिचा नुसता चेहरा, त्यावर एकामागून एक बदलणारे भाव पडद्यावर दाखवले. म्हणजे प्रेक्षकाने आधी एक लहान मुलगी पाहिली आणि मग तिलाच कालियाच्या फण्यावर पाहिलं. कृष्ण देव आहे हे थिएटरातल्या प्रत्येकाला माहीत होतं, पण डोळ्यांना दिसत होतं ते पोर. अंगात बळ कमी दिसलं की समोरचा धोका आपोआप मोठा दिसतो.

तरीही ही अर्धीच गोष्ट झाली. उरलेली अर्धी कबड्डीच्या मैदानावर समजते. चढाईला गेलेल्या गड्याने एकाला शिवलं आणि तो मध्यरेषेकडे वळला, की त्याचा गुण झाल्यातच जमा. आता त्याने परत यायचं. पण रेषा हातभर राहिलेली असताना तो थबकतो आणि दम घुमवत पुन्हा आत वळतो, तेव्हा भोवतीचे लोक उभे राहतात. त्याच्या अंगात ताकद किती आहे याच्याशी त्या उभं राहण्याचा संबंध नसतो. रेषा जवळ होती आणि त्याने ती सोडली, हे सगळ्यांना दिसलेलं असतं.

साहसपटातला वीरक्षण असाच घडतो. नायकाला परतीची वाट आहे, हे आधी आपल्याला दिसलं पाहिजे. ती सोडली तर त्याचं काय जाणार, तेही कळलं पाहिजे. मग तो वळतो. तलवारबाजी वगैरे त्यानंतरची. आता एकेक चित्रपट या कसोटीवर घासून बघू.

३. सात सापळे आणि एक टाच

१९६३ सालचा 'जेसन अँड द आर्गोनॉट्स' आजही बघवतो, याचं श्रेय दिग्दर्शक डॉन चॅफी यांच्याइतकंच, खरं तर जास्तच, रे हॅरीहाउझेन यांना जातं. चित्रपटातले राक्षस त्यांनी टेबलावर मावतील एवढ्या बाहुल्यांमधून उभे केले. रीत अशी: बाहुलीचा हात कणभर हलवायचा, एक चित्र घ्यायचं, पुन्हा कणभर हलवायचा, पुन्हा चित्र. पडद्यावर सेकंदाला २४ चित्रं पळतात, त्यामुळे बाहुली जिवंत झाल्यासारखी वाटते.

शेवटच्या लढाईत सात सापळे आहेत. प्रत्येकाला दोन हात, दोन पाय आणि एक डोकं धरलं, तर एका चित्रासाठी ३५ हालचाली झाल्या. त्याही पडद्यावरच्या खऱ्या माणसांच्या तलवारीशी तंतोतंत जुळल्या पाहिजेत. हॅरीहाउझेन यांच्या हातून दिवसाला सरासरी १३ चित्रं होत. म्हणजे सेकंदभराच्या मारामारीला जवळजवळ दोन दिवस. हा एक प्रसंग उभा करायला साडेचार महिने लागले. नटांचीही परीक्षाच होती. सरावाच्या वेळी सापळ्यांच्या जागी माणसं असत, कॅमेरा सुरू झाला की ती बाजूला होत आणि नटांनी रिकाम्या हवेशी लढायचं. वार हवेतच अडवला गेला, असं दिसलं पाहिजे!

ही झाली कारागिरी. वीरक्षण कुठे आहे? त्यासाठी मूळ कथा बघू. ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकात अपोलोनियस या ग्रीक कवीने जेसनची मोहीम काव्यात सांगितली. त्यात सर्पाचे दात पेरल्यावर जमिनीतून उगवतात ते हाडांचे सापळे नाहीत, तर शस्त्रधारी योद्धे आहेत. जेसनच्या अंगाला मिडिया या जादूगार राजकन्येने दिलेला मंतरलेला लेप आहे, त्यामुळे त्या दिवशी त्याला शस्त्र लागत नाही. तो त्या योद्ध्यांच्या मधोमध एक मोठा धोंडा फेकतो, ते आपसातच भिडतात, आणि मग उरलेल्यांना तो कापून काढतो. ऐकायला मजेदार युक्ती. पण लेप लावलेल्या माणसाला भ्यायचं कारण काय?

चित्रपटाने लेपही काढला आणि धोंडाही. सापळे उगवल्यावर जेसन मिडियाला आर्गस या सोबत्याबरोबर जहाजाकडे पाठवून देतो आणि स्वतः दोन साथीदार घेऊन मागे थांबतो. जहाज जवळ आहे, वाट उतरणीची आहे, पळता येईल. तो पळत नाही. दोघेही साथीदार मरतात. जेसन शेवटी कड्यावरून समुद्रात उडी टाकतो. म्हणजे तो जिंकतही नाही, इतरांना निसटायला वेळ मिळवून देतो, एवढंच.

त्याआधीचा टॅलोसचा प्रसंग मला याहून आवडतो. हा काशाचा पुतळा कड्यावर बसलेला असतो. हर्क्युलिस त्याच्या चौथऱ्यातल्या खजिन्यातून भाल्याएवढी एक टाचणी उचलतो, आणि पुतळा मान वळवून बघतो. ती मान वळते तेव्हाचा धातूचा करकर आवाज ज्याने लहानपणी ऐकला, तो विसरत नाही. सगळे वाट फुटेल तिकडे धावतात. जेसन मात्र उलटा, पुतळ्याच्या पायाकडे जातो आणि टाचेतलं झाकण फिरवून आतला जीवनरस वाहू देतो. अपोलोनियसच्या काव्यात टॅलोसला मारणारी आहे मिडिया. ती जहाजावरून मंत्रांनी त्याला भूल घालते, त्याचा घोटा कातळावर घासतो आणि तो कोसळतो. चित्रपटाने तिचं श्रेय सरळ जेसनच्या पदरात टाकलं. हा अन्याय आहे खरा. पण दूर उभं राहून मंत्र म्हणण्यात वाट सोडणं दिसत नाही, टाचेखाली शिरण्यात दिसतं.

४. रथांची शर्यत: सगळ्यांना आठवते ती, आणि खरी ती

'बेन-हर' म्हटलं की कुणालाही रथांची शर्यत आठवते. १९५९ साली विल्यम वायलर यांनी काढलेल्या या चित्रपटाला ११ ऑस्कर मिळाली. शर्यत मात्र वायलर यांनी चित्रित केली नाही, ती अँड्र्यू मार्टन आणि याकिमा कनट यांनी केली. रोमजवळच्या चिनेचित्ता स्टुडिओत सुमारे १८ एकरांवर मैदान उभारलं होतं. मिक्लोश रोझा यांचं संगीत चित्रपटभर आहे, पण ऐन शर्यतीची जवळजवळ नऊ मिनिटं संगीत नाही. टापा, चाकं, चाबूक आणि गर्दी. आजचा कुणी दिग्दर्शक इतका धीर धरेल असं वाटत नाही.

त्या शर्यतीतला सर्वांत मोठा 'पराक्रम' हा अपघात होता. नायक ज्यूडा बेन-हरचा रथ मोडून पडलेल्या रथांवरून उसळतो आणि ज्यूडा पुढच्या बाजूने बाहेर फेकला जातो. फेकला गेला तो याकिमा यांचा मुलगा जो कनट. ठरल्यापेक्षा तो फारच उंच उडाला, रथाची पुढची कड त्याने कशीबशी धरली आणि हनुवटीला टाके पडण्यावर निभावलं. तुकडा इतका जबरदस्त होता की तो ठेवायचं ठरलं. पण मग ज्यूडा परत रथात चढलेला दिसायला नको का? म्हणून चार्ल्टन हेस्टन समोरून रथात चढतो आहे, असं जवळचं दृश्य घेऊन त्याला जोडलं. एकाची उडी, दुसऱ्याचं चढणं, आणि आपल्या डोक्यात एकच वीर. संकलन म्हणजे काय, हे समजावून सांगायला मी तरी याहून चांगलं उदाहरण शोधणार नाही.

इतिहास इथेही जरा वेगळा आहे. रोमन सारथी लगाम कमरेला गुंडाळून घेत आणि पडलोच तर कापायला जवळ सुरी ठेवत. त्यांच्यातला गायस अप्पुलेयस डायोक्लीस दुसऱ्या शतकात ४,२५७ शर्यती पळाला आणि त्यातल्या १,४६२ जिंकला, असं त्याच्या गौरवाच्या शिलालेखात नोंदलं आहे.

आता कसोटी लावू. शर्यतीत ज्यूडा काय सोडतो? काहीच नाही. त्याला जुना मित्र आणि आता वैरी झालेल्या मेस्सालावर सूड हवा आहे आणि तो त्यासाठीच उतरला आहे. म्हणून ही शर्यत श्वास रोखून बघावी अशी असली, तरी मी तिला वीरक्षण म्हणणार नाही. वायलर यांनाही ते उमगलं असावं. जखमी मेस्साला मरता मरता ज्यूडाला सांगतो की तुझी आई आणि बहीण जिवंत आहेत, कुष्ठरोग्यांच्या दरीत आहेत. जिंकलेल्या शर्यतीची चव तिथेच जाते.

खरा क्षण त्याच्या कितीतरी आधी येऊन जातो. ज्यूडा युद्धनौकेवर साखळीने बांधलेला वल्हेकरी आहे. (रोमन आरमारात वल्हेकरी सहसा स्वतंत्र आणि पगारी असत, साखळदंडातले गुलाम ही बरीचशी कादंबऱ्यांची आणि सिनेमाची देणगी.) लढाईत नौका फुटते. सेनापती अॅरियस पाण्यात पडतो. ज्यूडा त्याला ओढून फळकुटावर घेतो. लढाई हरलो अशा समजुतीने अॅरियस जीव द्यायला निघतो, तर ज्यूडा त्याला तेही करू देत नाही. ज्याच्या हुकमाने आपली पाठ मोडली तो समोर आहे, बघायला कुणी नाही, नुसतं गप्प बसलं तरी सूड पुरा होतो. तो गप्प बसत नाही. पुढे हाच ज्यूडा त्या दरीत उतरतो आणि रोगाची पर्वा न करता बहिणीला उचलून घेतो. जाहिरातींच्या भित्तिपत्रकांवर अर्थातच रथ होते.

५. नाव न सांगणारे

स्पार्टाकसबद्दल आपल्याला जी माहिती आहे ती मुख्यतः प्लुटार्क आणि अॅपियन यांच्याकडून. दोघांनीही घटनेनंतर दीडशेहून अधिक वर्षांनी लिहिलं. ख्रिस्तपूर्व ७३ मध्ये काप्वा इथल्या ग्लॅडिएटरांच्या आखाड्यातून सत्तर-एक जण स्वयंपाकघरातल्या सुऱ्या आणि सळया घेऊन निसटले. त्यांचा नेता थ्रेसचा स्पार्टाकस. दोन वर्षं त्यांनी रोमच्या फौजांना पळता भुई थोडी केली. ख्रिस्तपूर्व ७१ मध्ये क्रॅससने त्यांना गाठलं. हाती लागलेल्या ६,००० जणांना काप्वा ते रोम या रस्त्यावर क्रुसावर चढवलं. स्पार्टाकसचं प्रेत सापडलंच नाही.

प्लुटार्कने शेवटच्या लढाईआधीची एक हकिगत सांगितली आहे. स्पार्टाकसचा घोडा पुढे आणला गेला, तेव्हा त्याने तलवार काढून तो मारून टाकला. जिंकलो तर शत्रूचे हवे तेवढे घोडे मिळतील आणि हरलो तर घोड्याची गरज उरणार नाही, असं त्याचं म्हणणं. परतीची वाट माणसाने स्वतःच्या हाताने बुजवली, याचं इतकं ठळक चित्र प्राचीन इतिहासात क्वचित सापडेल. आणि गंमत अशी, की स्टॅन्ली क्युब्रिक यांच्या १९६० च्या 'स्पार्टाकस'मध्ये ते नाही.

त्याऐवजी जे आहे ते कुठल्याच प्राचीन ग्रंथात नाही. लढाई संपली आहे, कैदी टेकडीवर बसले आहेत. क्रॅससचा निरोप येतो: स्पार्टाकस जिवंत असो की मेलेला, तो ओळखून द्या, तुम्हाला क्रुसावर चढवणार नाही. स्पार्टाकस, म्हणजे कर्क डग्लस, उठणार इतक्यात शेजारचा अँटोनायनस उठून सांगतो की स्पार्टाकस मी आहे. मग दुसरा उठतो, तिसरा उठतो, आणि सगळं रान तेच ओरडू लागतं.

इथली युक्ती नीट बघा. मोकळी वाट नायकासमोर नाहीच, ती बाकीच्या सगळ्यांसमोर आहे. नुसतं बोट दाखवायचं. अँटोनायनस सोडला तर त्या उभं राहणाऱ्यांतल्या बहुतेकांची नावंही आपल्याला माहीत नाहीत. या प्रसंगापुरता नायक डोळ्यांत पाणी आणून ऐकणारा श्रोता होतो आणि पराक्रम गर्दी करते. साहसपटात हे उलटंपालटं फार थोड्यांना जमलं.

हे कुठून आलं याचं उत्तर रोममध्ये नाही, अमेरिकेत आहे. मूळ कादंबरी हॉवर्ड फास्ट यांची. १९५० साली ते तुरुंगात गेले होते, कारण डाव्या विचारांच्या एका मदतसंस्थेची कागदपत्रं संसदीय समितीच्या हवाली करायला त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नकार दिला. तुरुंगात त्यांच्या डोक्यात स्पार्टाकस घोळू लागला. प्रकाशक मिळेना, म्हणून १९५१ मध्ये त्यांनी कादंबरी स्वतःच छापली. पटकथाकार डाल्टन ट्रम्बो. त्यांनीही १९४७ मध्ये समितीसमोर उत्तरं द्यायला नकार दिला, तुरुंगवास भोगला आणि बाहेर आल्यावर काळ्या यादीत पडले. पुढची कित्येक वर्षं ते दुसऱ्यांच्या किंवा खोट्या नावाने लिहीत होते. त्यांच्या लेखनाला ऑस्करही मिळालं, पण पुकारलं गेलं ते दुसरंच नाव. 'स्पार्टाकस' आणि त्याच वर्षीचा 'एक्सोडस' या दोन चित्रपटांवर त्यांचं खरं नाव पुन्हा झळकलं. 'सोबत्याचं नाव सांग आणि सूट' हा सौदा नाकारण्याची किंमत या माणसांना पुस्तकातून शिकायची नव्हती.

आणि ती गर्दीची गर्जना? ती १९५९ मध्ये मिशिगन राज्यातल्या एका फुटबॉल सामन्याला आलेल्या हजारो प्रेक्षकांकडून ओरडून घेऊन ध्वनिमुद्रित केली. त्या स्टेडियमचं नाव स्पार्टन स्टेडियम.

६. दोन माणसं, एकच दुखणं

ख्रिस्तपूर्व ४८० मध्ये थर्मोपिलीच्या खिंडीत इराणच्या प्रचंड फौजेला ग्रीकांनी तीन दिवस अडवलं. यावर दोन गाजलेले चित्रपट आहेत. १९६२ सालचा 'द ३०० स्पार्टन्स' आणि झॅक स्नायडर यांचा '३००'. पहिला ग्रीसमध्ये उघड्यावर चित्रित झाला. फ्रँक मिलर यांनी तो लहानपणी पाहिला, मोठेपणी त्यावरून १९९८ मध्ये चित्रकथा काढली आणि स्नायडर यांनी त्या चित्रकथेचा चित्रपट केला, बहुतांशी स्टुडिओतल्या निळ्या पडद्यापुढे. हल्ला संथ होतो, भाला शिरताना वेग वाढतो, पुन्हा संथ, ही त्यातली लकब पुढे इतक्यांनी उचलली की आता ती बघवत नाही.

आकडा आधी सरळ करू. शेवटच्या दिवशी खिंडीत फक्त ३०० स्पार्टन नव्हते. पाठीमागची पायवाट शत्रूला कळल्यावर राजा लिओनिडासने बाकीच्या फौजांना परत धाडलं. तेव्हा थेस्पिई या छोट्या गावाचे ७०० जण आपण होऊन थांबले. स्पार्टाला निदान मागे न फिरण्याचा कायदा होता. थेस्पिईकरांना तो नव्हता. आपल्या कसोटीने त्या दिवसाचे खरे वीर तेच ठरतात, आणि '३००'मध्ये त्यांचा मागमूस नाही.

पण ग्रीक इतिहासकार हेरोडोटस याने याहून विलक्षण हकिगत सांगितली आहे, आणि ती कुणा दिग्दर्शकाने अजून नीट हाती घेतली नाही याचं मला राहून राहून नवल वाटतं. तीनशेंपैकी युरिटस आणि अरिस्टोडेमस या दोघांचे डोळे आले होते. लिओनिडासने त्यांना छावणीतून मागे पाठवलं. शत्रू मागून येतो आहे ही बातमी कळली, तेव्हा युरिटसने चिलखत मागवलं, हेलट गुलामाला हाताला धरून लढाईत न्यायला सांगितलं आणि जवळजवळ आंधळाच घुसून तो मेला. अरिस्टोडेमस घरी परतला. दुखणं एक, रजा एक, वाट एक.

स्पार्टात अरिस्टोडेमसला कुणी चुलीला विस्तव देईना, कुणी बोलेना. 'भेकड' हेच त्याचं नाव पडलं. पुढच्याच वर्षी प्लेटीआच्या लढाईत तो रांग सोडून एकटा शत्रूवर तुटून पडला आणि मेला. हेरोडोटसच्या मते त्या दिवशी सर्वांत शूर लढला तो हाच. पण स्पार्टनांनी मानाच्या यादीतून त्याला वगळलं. कारण काय दिलं? त्याला मरायचंच होतं. पोसिडोनियस नावाचा दुसरा योद्धा जगायची इच्छा असूनही तसाच लढला, तेव्हा तो श्रेष्ठ. ज्याने मनातून परतीची वाट आधीच पुसली, त्याच्या लढण्याला त्या कडक माणसांनी पुरा मान दिला नाही. सिनेमा जन्मायच्या दोन हजारांहून अधिक वर्षं आधी वीरक्षणाची इतकी बारीक चिकित्सा झालेली आहे.

'३००'मध्ये यातला काही अंश डिलिऑस या पात्रात उतरला आहे. त्याचा एक डोळा लढाईत जातो आणि लिओनिडास त्याला ही गोष्ट सांगायला परत पाठवतो. म्हणजे डोळाही सन्मानाने गेला आणि परतणंही हुकमाने झालं. अवघड प्रश्न चित्रपटाने हलकेच बाजूला ठेवला आणि डिलिऑसला निवेदक करून टाकलं.

७. शिरस्त्राण

रिडले स्कॉट यांच्या 'ग्लॅडिएटर'वर (२०००) पानंच्या पानं लिहिता येतील, पण आपल्या कामाचा त्यात एकच प्रसंग आहे. नायक मॅक्सिमस हे पात्र काल्पनिक. सम्राट कॉमोडस खरा, आणि तो आखाड्यात उतरत असे हेही खरं. तो मेला मात्र आखाड्यात नाही. १९२ सालच्या अखेरच्या दिवशी नार्सिसस नावाच्या मल्लाने त्याचा गळा दाबला. चित्रपटात सम्राट खाली उतरून मुखवटाधारी विजेत्याचं नाव विचारतो. नाव सांगितलं तर मरण. न सांगता निघून जावं म्हणून मॅक्सिमस पाठ फिरवतो, पण सम्राट त्याला हटकतो. मग तो शिरस्त्राण काढतो. त्याच्या मुठीत बाणाचं एक पातं लपवलेलं होतं. सम्राटाने आपल्या छोट्या भाच्याला, ल्यूसियसला, पुढ्यात धरलेलं असल्यामुळे मॅक्सिमसने ते वापरलं नाही. नावाचं ते बाणेदार उत्तर सगळ्यांना पाठ असतं. ती मूठ फार थोड्यांना आठवते.

जाता जाता: सम्राट अंगठा वर किंवा खाली करतो ती खूण आपल्या डोक्यात पक्की बसली ती मुख्यतः जाँ-लेओँ जेरोम या फ्रेंच चित्रकाराच्या १८७२ च्या चित्रामुळे. स्कॉट यांनाही हा चित्रपट करावासा वाटला तो तेच चित्र पाहून.

८. हरलेल्याचा क्षण

आता झेलमच्या काठावर येऊ. ख्रिस्तपूर्व ३२६. सिकंदर नदी ओलांडतो आणि पोरसचा पराभव करतो. स्पार्टाकसचे कैदी सोडले तर आजवरच्या बहुतेक उदाहरणांत लढाई चालू तरी होती किंवा व्हायची होती. इथे ती संपली आहे.

सिकंदराचा चरित्रकार एरियन याने पोरसबद्दल एक गोष्ट मुद्दाम नोंदवली. इराणचा सम्राट दारयावहुश रणातून सर्वांच्या आधी पळाला होता, पोरस तसा पळाला नाही. फौजेची तुकडी उभी होती तोवर तो हत्तीवरून लढत राहिला, उजव्या खांद्याला जखम झाली तेव्हा त्याने हत्ती वळवला. सिकंदराने त्याच्याकडे आधी तक्षशिलेच्या राजाला पाठवलं. तो जुना वैरी, पोरसने त्याच्यावरच भाला उगारला. मग जुना मित्र गेला. तोवर पोरसला तहानेने ग्रासलं होतं. तो हत्तीवरून उतरला, पाणी प्याला, जरा हुशारी आल्यावर म्हणाला, चल, मला त्याच्याकडे ने. पुढचा संवाद शाळेतल्या मुलांनाही येतो: तुला कसं वागवू या प्रश्नाला, राजासारखं, हे उत्तर. एरियनने त्यापुढचा प्रश्नही दिला आहे. आणखी काही हवं का, असं सिकंदराने विचारलं, तर पोरस म्हणाला, त्यातच सगळं आलं. इथे मोकळी वाट दयेची होती. गयावया केली असती तर जीव सहज वाचला असता.

सोहराब मोदी यांनी १९४१ मध्ये मिनर्व्हा मूव्हीटोनकडून 'सिकंदर' काढला. सिकंदर झाले पृथ्वीराज कपूर आणि पोरस स्वतः मोदी. पारशी रंगभूमीवर घडलेला त्यांचा आवाज एरवी चित्रपटात जरा मोठाच वाटतो, पण इथे पोरसकडे शेवटी आवाजाखेरीज दुसरं शस्त्रच उरत नाही आणि तो आवाज तिथे चपखल बसतो. पटकथेने एक पदरची भर घातली. सिकंदराची प्रेयसी रुखसाना पोरसकडे येते आणि सिकंदराला इजा करणार नाही असं वचन घेऊन जाते. प्राचीन ग्रंथांत याला आधार नाही, पण नाट्याच्या दृष्टीने ही भर अचूक आहे, कारण आता पोरसला लढायचं आहे आणि शत्रूला मारायचं मात्र नाही. ही रुखसाना झाली होती वनमाला. पुढे आचार्य अत्र्यांच्या 'श्यामची आई'मध्ये जिने आई उभी केली, तीच.

चित्रपट आला तेव्हा दुसरं महायुद्ध चालू होतं. तो भरपूर चालला, पण लष्करी छावण्यांमधल्या काही चित्रपटगृहांत तो दाखवायला सरकारने मनाई केली. हरलेला राजा जेत्यापुढे ताठ उभा राहून बोलतो, हे हिंदी शिपायांनी बघावं असं साहेबाला वाटलं नसावं.